द एक्स्पान्स: हवा मोजून जगणाऱ्यांची मालिका

कादंबरीवरून केलेल्या मालिकेला लोक बहुतेक एकच पट्टी लावतात. पुस्तकातलं किती ठेवलं आणि किती गाळलं? ‘द एक्स्पान्स’ला ही पट्टी लावली तर ती काठावरसुद्धा पास होणार नाही. प्रसंगांचा क्रम बदललेला आहे, तीन-तीन पात्रं मिळून एक झाली आहेत, पुस्तकात शेवटपर्यंत जगणारा माणूस इथे मध्येच मरतो. तरीही अंतराळावरच्या कादंबऱ्यांवरून केलेल्या ज्या मालिका मी पाहिल्या, त्यांत मूळ लेखनाशी इतकी इमानदार दुसरी नाही. पुस्तकाच्या पोटात जो राग आहे तो हिने जपला. तो राग हवेचा आणि पाण्याचा आहे.

मी हे ठामपणे लिहितो आहे त्याला कारण आहे. मी व्हीआरसीई या नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून मायनिंग शिकलो आणि सगळी नोकरी नागपूरच्या आसपासच्या भूमिगत कोळसा खाणींत झाली. त्यातली बरीच वर्षं व्हेंटिलेशन ऑफिसर म्हणून. खाली काम करणाऱ्या माणसाला श्वासापुरती हवा पोचते की नाही, हे बघणं हेच माझं काम होतं. फेसवर, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा काढतात त्या जागी, ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर जाता कामा नये, मिथेन सव्वा टक्क्यावर गेला की वीज बंद आणि माणसं बाहेर. वर जमिनीवर कुणी हवेचा विचार करत नाही. खाली ती आणावी लागते. पंखा, दरवाजे, स्टॉपिंग म्हणजे हवा अडवणाऱ्या भिंती, पडदे यांच्या वाटेने तिला वळवत वळवत खाणीतल्या शेवटच्या बोगद्यापर्यंत न्यावं लागतं. ‘द एक्स्पान्स’मध्ये जे लोक आहेत त्यांचं सगळं आयुष्य असं आणलेल्या हवेवर चालतं, आणि ती आणणारा कुणी दुसराच असतो.

पुस्तकांबद्दल थोडं. जेम्स एस. ए. कोरी हे टोपणनाव आहे. त्यामागे डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक असे दोघे लेखक आहेत. पहिली कादंबरी ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ मध्ये आली, नववी आणि शेवटची ‘लेव्हायथन फॉल्स’ २०२१ मध्ये. या मालेला २०२० मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दूरदर्शन मालिका डिसेंबर २०१५ मध्ये सायफाय वाहिनीवर सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संपली. सहा सीझन, ६२ भाग. आपल्याकडे ती प्राइम व्हिडिओवर बघता येते.

जग असं आहे. तेविसावं शतक. पृथ्वी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात, मंगळ स्वतंत्र आणि लष्करी शिस्तीचा. या दोघांचे कारखाने ज्या खनिजांवर आणि बर्फावर चालतात ते येतं मंगळापलीकडच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून. तिथे खणणारे, वाहणारे, जोडारी करणारे लोक म्हणजे बेल्टर. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेले. याच पट्ट्यातल्या सेरेसवर पूर्वी मुबलक बर्फ होता, पृथ्वी आणि मंगळाने तो ओरबाडून नेला, आणि आता सेरेसवरच्याच लोकांना शनीच्या कड्यांतून आणलेल्या बर्फाची वाट पाहावी लागते, पाणी रेशनवर मिळतं. कथा सुरू होते ती असा बर्फ वाहणारं एक जुनं जहाज उडवलं जातं तिथून.

नागपुरात बसून हे पाहताना मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉइल, दोन्हींची मुख्यालयं याच शहरात आहेत. कोराडी, खापरखेड्याची वीजनिर्मिती केंद्रं हाकेच्या अंतरावर आहेत. तरी आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यांना विचारा, कोळसा कोण काढतो, कसा काढतो, त्यांनी खाणीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. कूलर फिरतो एवढं पुरे असतं. मालिकेतल्या पृथ्वीवरच्या लोकांचं अगदी असंच आहे. ते दुष्ट नाहीत. त्यांना फक्त कधी खाली उतरावं लागलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, रूपांतराचा. ज्यांना कथानक आधी कळलेलं चालत नाही त्यांनी इथून पुढचं मालिका पाहून झाल्यावर वाचावं.

पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात अँडरसन स्टेशनची गोष्ट येते. तिथल्या बेल्टर कामगारांनी स्टेशन ताब्यात घेतलेलं असतं, पृथ्वीची फौज चालून येते आणि शरण येणाऱ्यांनाही मारून टाकते. पुस्तकात या बंडाचं कारण एक अधिभार आहे. स्टेशनच्या कारभाऱ्याने मालाच्या ने-आणीवर तीन टक्के जादा आकार लावला. ऐकायला काहीच नाही. पण जे लोक आजच्या कमाईतून उद्याची हवा विकत घेतात त्यांच्यातल्या काहींना या तीन टक्क्यांपायी महिन्यातला एखादा दिवस श्वास न घेता काढावा लागला असता. लेखकांनी हे एका परिच्छेदात सांगितलं आहे. वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. असा हिशेब मी कागदावर केलेला आहे. अमुक पाळीत इतकी माणसं, इतकी हवा, पंख्याची क्षमता एवढी, मग किती माणसं खाली पाठवायची. त्या आकड्यांमागे चेहरे असतात आणि कागदावर ते दिसत नाहीत.

मालिकेने हा अधिभार काढूनच टाकला. तिथे कारण वेगळं आहे: हवेत ऑक्सिजन कमी ठेवल्यामुळे स्टेशनवरच्या लहान मुलांच्या मेंदूला इजा होते आहे. कामगारांचा पुढारी आपल्या मुलीला जवळ घेऊन कॅमेऱ्यासमोर बोलतो. हे सगळं आम्ही का केलं ते तुम्ही एकदा बघा, एवढंच त्याचं म्हणणं. पुस्तकाशी ताडून पाहणारा म्हणेल की प्रसंग बदलला. हो, बदलला. पण तीन टक्क्यांचं गणित पडद्यावर दाखवता येत नाही. कुणीतरी उभं राहून ते समजावून सांगेल आणि बघणाऱ्याचं लक्ष उडेल. ती मुलगी दिसते. आणि ती मुलगी म्हणजे त्याच गणिताचं उत्तर आहे. रूपांतर करणाऱ्याने मूळ लेखकाचं वाक्य नाही, त्याचा हिशेब उचलला. मला विचाराल तर रूपांतराचं काम हेच, आणि सबंध मालिकेत ते याहून चांगलं कुठे झालेलं नाही.

हवेचा हा धागा पुढे कुठेही सुटत नाही. पहिल्याच भागात सेरेसवरचा पोलीस मिलर गलिच्छ एअर फिल्टरकडे डोळेझाक करण्यासाठी लाच घेतो. नंतर एक खोकणारं पोरगं त्याला दिसतं, आणि तो लाच देणाऱ्या त्याच माणसाला एअरलॉकमध्ये, म्हणजे बाहेर जायच्या हवाबंद खोलीत, कोंडून थोडी थोडी हवा काढून घेतो. इरॉस या लघुग्रहावर लोकांना रेडिएशनचा इशारा देऊन निवाऱ्यात गोळा करतात आणि तिथेच त्यांच्यावर प्रयोग होतो. हा प्रसंग मला सगळ्यात भयंकर वाटला. भोंगा वाजला की विचारत बसायचं नाही, सांगितलेल्या जागी जायचं, हे आम्ही नव्या कामगाराच्या अंगात भिनवतो. त्या शिस्तीवर जीव वाचतात. तीच शिस्त वापरून माणसं मारणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

दुसऱ्या सीझनमध्ये गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ प्रॅक्स येतो. ‘कॅलिबन्स वॉर’ या दुसऱ्या कादंबरीतलं हे पात्र. स्टेशन अजून उभं आहे, दिवे चालू आहेत, लोक येत-जात आहेत, आणि हा पिवळी पडलेली पानं पाहून म्हणतो की हे स्टेशन संपलं आहे, लोकांना अजून कळलेलं नाही. एक दोष दुसऱ्यावर भार टाकतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि दुरुस्तीची जी वाट निवडाल ती आणखी काही बिघडवते. गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या जागेत, उरलेला कोळसा आतून तापायला लागतो तेव्हा नेमकं हेच होतं. धूर फार नंतर दिसतो. त्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा थोडासा वर सरकतो, भिंतींना घाम येतो, हवेला एक वेगळा वास येतो. पाळीवर देखरेख करणाऱ्या जाणत्या ओव्हरमनच्या चेहऱ्यावर तेव्हाच काळजी दिसते आणि बाकीचे जेवणाचा डब्बा उघडत असतात. त्या नटाच्या चेहऱ्यावर मला तीच काळजी दिसली. हा प्रसंग असा केला आहे, त्याबद्दल दिग्दर्शकाचे आभार.

एवढी समज येते कुठून? एक कारण म्हणजे दोन्ही लेखक मालिकेच्या निर्मितीत होते, पटकथा लिहिणाऱ्यांमध्ये बसत होते, काही भाग त्यांनीच लिहिले. दुसरं, सूत्रधार नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएचडी केलेली आहे. ते दिसतं. सेरेस स्वतःभोवती फिरवून कृत्रिम वजन निर्माण केलं आहे, म्हणून पेल्यात ओतलेली दारू सरळ न पडता वाकून पडते. त्यावर कुणी काही बोलत नाही, कॅमेरासुद्धा फार थांबत नाही. जहाजं अर्धा प्रवास वेग वाढवत जातात, मग पाठ फिरवून उरलेला अर्धा प्रवास वेग कमी करतात. जोराच्या वेगवाढीत माणसाच्या रक्तवाहिन्या फुटू शकतात, त्यासाठी खुर्चीतूनच औषध टोचलं जातं. हे नियम एकदा मांडले की मालिका ते मोडत नाही. प्रेक्षकाला धोका समजतो, कारण धोक्याचं माप त्याला माहीत असतं.

पात्रांत केलेले बदल काही ठिकाणी पुस्तकाहून सरस आहेत. संयुक्त राष्ट्रांची बडी अधिकारी ख्रिसजेन अवसरला पुस्तकात दुसऱ्या कादंबरीत येते, इथे पहिल्या भागापासून आहे. त्यामुळे पृथ्वीची बाजू सुरुवातीपासूनच एका माणसाच्या तोंडून कळते. शोहरे अगदाश्लू या इराणमध्ये जन्मलेल्या अभिनेत्रीने ती केली आहे, आवाज खर्जातला आणि साड्यांसारखे भरजरी पेहराव. नातवाशी खेळून ती उठते आणि थेट एका बेल्टर कैद्यासमोर जाऊन उभी राहते, ज्याला पृथ्वीच्या वजनाखाली नुसतं टांगून ठेवलेलं असतं. त्याच्या हाडांना ते वजन पेलवत नाही, तेवढाच छळ पुरतो. माझी बायको माझ्यासोबत बघत होती. ती म्हणाली, “अहो, ही बाई नातवाशी जशी बोलली तशीच याच्याशीही बोलते आहे, आवाज चढत नाही तिचा. म्हणून जास्त भीती वाटते.” शाळेत आयुष्य गेलेल्या बाईचं हे निरीक्षण आहे, मी त्यात काही भर घालत नाही.

दुसरी म्हणजे ड्रमर, ही बेल्टर अधिकारी. पुस्तकांत सॅम, बुल, मिचिओ पा असे जे वेगवेगळे लोक आहेत त्यांच्या वाट्याचं बरंच काही मालिकेने कॅमिना ड्रमर या एका स्त्रीला दिलं. कारा गीने ती भूमिका केली आहे. तिसऱ्या कादंबरीतला, म्हणजे ‘अबॅडन्स गेट’मधला ॲशफर्ड सरळसरळ खलनायक आहे. मालिकेत डेव्हिड स्ट्रॅथेर्नने त्याला एक थकलेला, जुन्या पापांचं ओझं वाहणारा आणि तरी आपल्या लोकांवर जीव असलेला म्हातारा केलं. तिसऱ्या सीझनमध्ये हे दोघे यंत्रांखाली अडकतात. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला चिरडावं लागेल, अशी ती अडचण. ते बराच वेळ नुसते बोलतात. छत पडून अडकलेल्या माणसांपर्यंत पोचण्याच्या कामात मी राहिलेलो आहे. आतून आवाज येत असतो. माणसं त्या वेळी मोठमोठं काही बोलत नाहीत, घरचं बोलतात, जुनं काहीतरी आठवतात, एकमेकांना बोलतं ठेवतात. ज्याने हा प्रसंग लिहिला त्याने हे कुणाकडून तरी ऐकलेलं असणार.

बेल्टरांची बोलीही मनापासून आवडली. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती मालिकेसाठी बांधली. आमच्या खाणीत गोरखपूरचे, छत्तीसगडचे, तेलंगणाचे, छिंदवाड्याकडचे गोंड आणि आपले वऱ्हाडी असे सगळे एका फेसवर असायचे. काही वर्षांत त्यांची एक खिचडी बोली तयार व्हायची, ती वर सुटीवर आलेल्या माणसाला अर्धीच कळायची. आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही तिथे कॅप लॅम्प हलवून बोलायचं. आडवा हलला की थांब. बेल्टर लोक अंगभर सूट घालून काम करत आले, चेहरा दिसत नाही, म्हणून त्यांच्या होकार-नकाराच्या खुणा हाताच्या आहेत. सूट काढून घरात बसले तरी हातच हलतात. नटांनी हे शेवटच्या सीझनपर्यंत पाळलं आहे.

चौथा सीझन ‘सिबोला बर्न’वर आहे. तो अनेकांना संथ वाटला, मला नाही. नव्या ग्रहावर आधी पोचलेले बेल्टर लिथियम खणून पोट भरत आहेत आणि मागून एक कंपनी सरकारी सनद घेऊन येते की ही जमीन आमची. आधी कोण आलं आणि कागद कुणाकडे आहे, हा वाद आमच्या भागात कुणाला नवा सांगायला नको. पण इथे मालिकेने पुस्तकापेक्षा थोडी सोपी वाट घेतली. कंपनीचा सुरक्षा अधिकारी मर्ट्री पहिल्या दृश्यापासून क्रूर दिसतो. कंपनीकडून आलेल्या साध्या शास्त्रज्ञांना, ज्यांना खरोखर त्या ग्रहाचा अभ्यास करायचा होता, जास्त जागा मिळायला हवी होती.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. कमी वजनात वाढलेले बेल्टर पुस्तकात उंच, काटकुळे, मोठ्या डोक्याचे आहेत. दुरून बघितलं तरी वेगळे कळतात, आणि त्यांच्याविषयीचा तिरस्कार त्या शरीरावरच बेतलेला आहे. मालिकेत टांगलेल्या त्या कैद्यासारखे एक-दोन अपवाद सोडले तर बेल्टर आणि पृथ्वीवासी सारखेच दिसतात. नट कुठून आणायचे, ही अडचण मी समजू शकतो. तरी नुकसान झालंच. पृथ्वीवर पाय ठेवणं बेल्टरला का शक्य नाही, हे पुस्तकात अंगावर येतं, इथे सांगावं लागतं. दुसरं, पहिला सीझन चित्रणात फार अंधारा आहे. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून बघायला बसाल तर निम्मं दिसणार नाही. रात्री बघा, आणि इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, बोली कळायला त्यांची गरज पडते.

सगळ्यात मोठी तक्रार शेवटाची. तीन सीझननंतर मे २०१८ मध्ये सायफायने मालिका बंद केली. चाहत्यांनी मोहीम उभारली, ॲमेझॉनच्या कचेरीवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने ती उचलली. पुढचे तीन सीझन त्यामुळे झाले. पाचवा, ‘नेमेसिस गेम्स’वरचा, उत्तम आहे. त्यात मुख्य पात्रांच्या जहाजावरची बेल्टर इंजिनीअर नेओमी एका जहाजातून दुसऱ्यावर सूट न घालता उडी घेते, त्याआधी ऑक्सिजनने भरलेल्या रक्ताचं इंजेक्शन टोचून घेते. डॉमिनिक टिपरने ते क्षण जे केले आहेत त्याला तोड नाही. पण त्याच सीझनच्या शेवटी एका मुख्य पात्राला अगदी घाईत निरोप दिला आहे, आणि सहावा सीझन तर फक्त सहा भागांचा. ‘बॅबिलन्स ॲशेस’सारखी जाड कादंबरी सहा भागांत मावत नाही. युद्ध संपतं, करार होतो, खुर्च्यांची वाटणी होते, आणि आपल्याला वाटतं मधली पानं कुणी उचकटून नेली का. शिवाय प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लॅकोनिया नावाच्या दूरच्या ग्रहावरची एका लहान मुलीची गोष्ट दाखवतात. ती सुंदर आहे, पण ज्या कथेची ती सुरुवात आहे ती कथा मालिकेत पुढे येतच नाही.

कारण शेवटच्या तीन कादंबऱ्या मालिकेत नाहीत. त्या जवळपास तीस वर्षांनंतर घडतात. तीच माणसं म्हातारी झालेली, सांधे दुखणारी, पोरंटोरं ज्यांना जुनाट म्हणतात अशी. माझ्या वयाच्या वाचकाला त्या तीन कादंबऱ्यांत जे मिळतं ते आधीच्या सहांत नाही. त्या पडद्यावर याव्यात असं मला फार वाटतं. आणि तेच नट पुढे खरोखर त्या वयाचे होतील तेव्हा कुणी हे काम हाती घेतलं तर फारच बरं.

बघायची कशी, ते सांगतो. पहिले तीन भाग गोंधळात टाकतात. सेरेस, पृथ्वी आणि जहाज अशा तीन ठिकाणच्या गोष्टी आणि नावांचा भडिमार. चौथ्या भागातली जहाजांची लढाई होईपर्यंत सोडू नका, त्यानंतर सगळं जुळायला लागतं. घरात लहान मुलं असतील तर सोबत बसवू नका, शिव्या भरपूर आहेत आणि रक्तही. सहावा सीझन संपला की ‘मेमरीज लीजन’ हा २०२२ चा कथासंग्रह घ्या आणि त्यातली ‘स्ट्रेंज डॉग्ज’ आधी वाचा, म्हणजे लॅकोनियावरच्या त्या मुलीचं काय झालं ते कळेल. मग ‘पर्सेपोलिस रायझिंग’, ‘टायमॅट्स रॅथ’ आणि ‘लेव्हायथन फॉल्स’, याच क्रमाने. आधीच्या सहा कादंबऱ्या वाचलेल्या नसल्या तरी अडत नाही. एकच ध्यानात ठेवा, मालिकेत मेलेला तो माणूस पुस्तकात जिवंत आहे आणि मुख्य पात्रांचं जहाज तोच चालवतो आहे.